समुद्रकिनाऱ्याची शैक्षणिक सहल : पूर्वतयारी, निरीक्षण आणि मर्यादा

प्राथमिक शाळांच्या सहलींमध्ये देवालय, किल्ला व धरण यांच्या जोडीला समुद्रकिनाऱ्याचाही समावेश होतो. देशावरील मुलांना समुद्र प्रथम पाहण्याचा आनंद अवर्णनीय असतो. कोकणातील मुलांना तो रोजचाच असला, तरी अभ्यासाच्या दृष्टीने पाहिलेला समुद्र त्यांनाही नवा वाटतो. परंतु पुष्कळ वेळा असे घडते की, किनाऱ्यावर पोचताच मुले पाण्याकडे धावतात, शिक्षक त्यांना आवरण्यात गुंततात आणि निघताना प्रत्येकाच्या पिशवीत शंखशिंपल्यांचा ढीग जमतो. घरी आल्यावर आठ दिवसांत त्या पिशवीस दुर्गंधी सुटते. ती का सुटली, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पिशवीतील शंखांपैकी काही रिकामे नव्हते. त्यांत जीव होता व तो घरी येऊन मेला, हे त्याचे साधे कारण होय.

सहलीतून मुलांनी ज्ञान आणावे, जीव आणू नयेत, आणि स्वतःचे जीव सुखरूप परत आणावेत, एवढाच या लेखाचा आशय आहे. या तिन्ही गोष्टी एकाच अभ्यासावर अवलंबून आहेत. तो अभ्यास म्हणजे भरती-ओहोटीचा.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरील प्रत्येक प्राण्याचे जीवन भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने बांधलेले असते. सहलीचे वेळापत्रकही त्याच आधाराने आखावे. सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी साधारणतः दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून पुढील ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात. मुंबईस उधाणाची भरती साडेचार मीटरांवर जाते, तर दक्षिणेकडे मालवण व गोव्याच्या बाजूस हा चढउतार बराच कमी असतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ होय. उदाहरणार्थ, तिथी पंचमी असल्यास ५ गुणिले ३ बरोबर १५, त्यास ४ ने भागले असता पावणेचार येतात. म्हणजे पंचमीस दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यापूर्वी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस हाच हिशेब भरतीसाठी सहाचा येतो व ओहोटी दुपारच्या सुमारास लागते. पौर्णिमा व अमावास्या यांचा अंक १५ धरावा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत एकच.

हा आडाखा स्थूल आहे. खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. वाऱ्यानेही फरक पडतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची जी कोष्टके प्रसिद्ध करतो, ती पाहावीत आणि गावातील मच्छीमारांस विचारून खात्री करून घ्यावी. तथापि चौथीच्या वर्गास पंचांग समोर ठेवून हे गणित करावयास लावणे हा अपूर्णांकांचा उत्तम पाठ होतो. सहलीची तारीख स्वतःच्या गणिताने निश्चित झाली, असे मुलांना वाटले म्हणजे सहल घरूनच सुरू झाली असे समजावे.

निरीक्षणाच्या दृष्टीने तृतीया ते पंचमी या तिथी सोयीच्या पडतात. या दिवसांत उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो, त्यामुळे ओहोटीस किनारा रुंद उघडा पडतो, आणि ओहोटी सकाळी आठ ते दहा या वेळेत येते. उतरत्या पाण्यामागून मुलांना नेता येते व ऊन चढण्यापूर्वी परतता येते. जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे महिने मात्र समुद्रकिनाऱ्याच्या सहलीस सर्वथा वर्ज्य समजावेत.

किनाऱ्याचे चार पट्टे

किनाऱ्यावर पोचल्यावर मुलांना एकदम पाण्याजवळ नेऊ नये. वरून खाली, एकेक पट्टा पाहत जावे.

पहिला पट्टा वाळूच्या टेकड्यांचा. येथे सुरूची झाडे, केवड्याची बने आणि जमिनीलगत पसरलेली मर्यादवेल दिसते. समुद्राने येथवर यावे व पुढे येऊ नये, अशी मर्यादा जणू ही वेल घालून देते, म्हणून तिला हे नाव. नाव काव्यमय असले, तरी त्यात तथ्य आहे. तिची लांब खोडे ठिकठिकाणी मुळे धरतात आणि उडती वाळू बांधून ठेवतात. जेथे ही वेल उपटली जाते, तेथे वाळूची टेकडी वाऱ्यालाटांपुढे टिकाव धरत नाही.

दुसरा पट्टा भरतीच्या रेषेचा. मागील भरतीने आणून टाकलेला पालापाचोळा, शेवाळ, लाकडाचे तुकडे, रिकामे शिंपले येथे ओळीने पडलेले असतात. येथे पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा एक पदार्थ सापडतो. त्यास समुद्रफेन म्हणतात व वैद्यकात त्याचा उपयोग आहे. नावावरून तो फेस वाटतो. वस्तुतः तो माकुलाच्या जातीच्या प्राण्याच्या शरीरातील आतील कवच होय. आजच्या भरतीरेषेवर प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडेही असतात. ते टाळून पुढे जाऊ नये. तेही निरीक्षणाच्या वहीत नोंदवावेत.

तिसरा पट्टा ओल्या वाळूचा. येथे बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते व मध्ये एक लहान बीळ असते. चिमुकले खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातील अन्नकण वेगळे करून खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूस टाकतात. पुढील भरती ही सारी नक्षी पुसते आणि ओहोटीस ते काम पुन्हा आरंभतात. मुलांना येथे दहा मिनिटे निश्चल बसवावे. हालचाल थांबली की खेकडे बाहेर येतात. एकजण उठला की सर्व नाहीसे होतात. शांत बसण्याचा उपदेश वर्गात शंभर वेळा करूनही जे साधत नाही, ते येथे सहज साधते.

चौथा पट्टा पाण्याच्या कडेचा व खडकांचा. वाळूत तिसऱ्या, खडकावर चिकटलेली कालवे, डबक्यात समुद्रपुष्प. कडेने धावणारे लहान तुतवार आणि चिखल्या, वर घिरट्या घालणारे कुरव. तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात येतात. त्यांची घरटी लडाख व मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी असतात. भूगोलाच्या नकाशावर हा प्रवास काढावयास लावावा.

याच पट्ट्यात तिसऱ्या व कालवे गोळा करणाऱ्या स्त्रिया भेटतात. मुलांनी त्यांच्याशी आदराने बोलावे. कोणत्या महिन्यात काय मिळते, केवढी तिसरी घ्यावी व केवढी सोडावी, याचे ज्ञान त्यांच्याजवळ पिढ्यान्पिढ्यांचे असते. वर्गात कोळी वा गाबीत समाजातील मूल असल्यास या तासास त्याला पुढे करावे. एरवी मागच्या बाकावर बसणारे मूल या दिवशी वर्गाचे गुरू होते आणि तो मान ते फार दिवस विसरत नाही.

नमुना पाठ : चालणारा शंख

ओहोटीच्या वेळी एखाद्या मुलाने सुंदर शंख उचलावा आणि तो हलू लागावा, हा प्रसंग प्रत्येक सहलीत येतो. त्या वेळी पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल.

“गुरुजी, हा शंख चालतो!”

“तो शंख चालत नाही. नीट पाहा, पाय कुणाचे दिसतात?”

“खेकड्यासारखे दिसतात.”

“खेकड्याचेच भाऊबंद आहेत ते. या प्राण्याचे पोट मऊ असते. त्यावर कठीण कवच नसते. मग तो काय करीत असेल?”

“दुसऱ्याच्या शंखात राहत असेल.”

“बरोबर. आणि वाढून मोठा झाल्यावर?”

“मोठा शंख शोधत असेल.”

“आणि आपण सर्वांनी मिळून किनाऱ्यावरचे मोठे रिकामे शंख घरी नेले तर?”

या प्रश्नास उत्तर देण्याची घाई शिक्षकांनी करू नये. मुले काही काळ गप्प राहतात. नंतर बहुधा एखादे मूल आपल्या खिशातील शंख काढून खाली ठेवते. न ठेवल्यास रागावू नये. प्रश्न मात्र मनात राहू द्यावा. दर वर्षी हजारो मुले एकाच किनाऱ्यावर येतात. प्रत्येकाने पाचच शंख नेले, तर १,००० मुलांमागे किती होतील, हे तोंडी गणित तेथेच घालता येते.

वेळासची कासवे

निसर्गनिरीक्षणासाठी सहल कोठे न्यावी, असा प्रश्न येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळच्या बाणकोटपासून जवळच, वेळास हे गाव आहे. नाना फडणवीस यांच्या घराण्याचे गाव म्हणून इतिहासात त्याची ओळख आहे. आता ते समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध झाले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातच आंजर्ले व गुहागर आणि सिंधुदुर्गात वायंगणी येथेही कासवे अंडी घालण्यास येतात.

येथे येणारे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे. पाठीची लांबी सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर असते. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर वाळूत मागच्या पायांनी खड्डा करते, सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते, शरीराच्या भाराने वाळू दाबते आणि समुद्रात परत जाते. पुढे ती पिलांकडे येत नाही. वाळूच्या उबेने ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. वाळू अधिक उष्ण असल्यास माद्या अधिक होतात, थंड असल्यास नर अधिक होतात.

कासवी केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, अशी कल्पना आपल्या संतवाङ्मयात आहे. भाषेच्या तासाला ही प्रतिमा मुलांनी ऐकलेली असते व ती येथे आठवते. शिक्षकांनी तिची थट्टा करू नये. ती मायेची प्रतिमा आहे; निरीक्षणातून आलेले ज्ञान वेगळे आहे. दोन्हींना आपापल्या जागी मान द्यावा.

पूर्वी या किनाऱ्यावरील अंडी माणसे खाण्यासाठी वा विक्रीसाठी नेत असत. उरलेली कुत्री व कोल्हे उकरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास संरक्षण दिले, परंतु कायदा रात्रीच्या किनाऱ्यावर पहारा देऊ शकत नाही. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांच्या साह्याने काम आरंभिले. घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुरणे, तारीख व संख्या लिहून ठेवणे, पिले निघाली की मोजून किनाऱ्यावर सोडणे, अशी पद्धत बसली. पुढे वनविभागाचाही हातभार लागला. पिले सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी त्यांची राहण्याजेवणाची सोय होऊ लागली आणि अंड्यांचे रक्षण हेच गावाच्या मिळकतीचे एक साधन बनले. ज्या वाटेवरून पूर्वी अंडी जात, त्याच वाटेने आता पाहुणे येतात. नागरिकशास्त्राच्या पाठास याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. पश्चिम किनाऱ्यावर अशा रीतीने सोडलेले ते पहिले ऑलिव्ह रिडले कासव. तसेच २०२१ मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरचे कासव पश्चिम किनाऱ्यावर कसे आले असेल, हा प्रश्न भिंतीवरील नकाशासमोर उभे करून विचारावा.

पिले पहाटे किंवा सायंकाळी सोडतात. पहाटे वाळूवर टोपली उघडतात तेव्हा तळहातावर मावेल एवढे काळसर पिलू समुद्राच्या दिशेने चालू लागते. लाटेने ते उलटे फिरते, पुन्हा सावरते, पुन्हा चालते. येथे मुलांनी दोरीच्या मागे बसावे. पिलास हात लावू नये, उचलून पाण्यात सोडू नये. वाळूवरील ती चाल त्यानेच पुरी करावयाची असते. पिले उजेडाकडे ओढली जातात, म्हणून विजेरी व मोबाइलचा दिवा बंद ठेवावा.

एक गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच सांगावी. रोज पिले निघतातच असे नाही. कित्येकदा टोपली उचलावी व खाली केवळ सपाट वाळू असावी, असे घडते. लांबून आलेली मुले हिरमुसतात. अशा वेळी शिक्षकांनी ‘फुकट गेली सहल’ असे शब्द उच्चारू नयेत. येथील कार्यकर्ते अशी सपाट वाळू रोज पाहतात, तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली उचलतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. निसर्ग सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेस बांधलेला नाही, हेही शिकण्यासारखेच आहे.

सुरक्षिततेची शिस्त

समुद्र वरून शांत दिसला, तरी त्याच्या ओढीचा अंदाज नवख्यास येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकजण बुडून मृत्यू पावले. ते वयाने मोठे होते. प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत तर तिळमात्र सूट देता येणार नाही. पुढील नियम प्रत्येक सहलीत पाळावेत.

१. पालकांची लेखी संमती व मुलांची नावनिशीवार यादी बरोबर असावी. किनाऱ्यावर उतरताना, दर अर्ध्या तासास व निघताना मोजणी करावी.

२. दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. पाण्याच्या कडेस मोठ्यांनी समुद्राच्या बाजूस उभे राहावे, मुलांनी जमिनीच्या बाजूस.

३. घोट्याच्या वर पाण्यात कोणी जाऊ नये. पोहता येते हे कारण मान्य करू नये.

४. भरती लागण्याच्या वेळेआधी अर्धा तास शिट्टी वाजवून सर्वांस वर घ्यावे. खडकाळ किनाऱ्यावर ही काळजी दुप्पट घ्यावी. हरिहरेश्वर येथील प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते व भरतीच्या वेळी लाटा तिच्यावर येतात; अशा वाटेने ओहोटीखेरीज व स्थानिकांच्या सल्ल्याखेरीज जाऊ नये.

५. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला हात लावू नये. मेल्यावरही तिचा दंश होतो. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख उचलू नयेत. त्यांपैकी काहींस विषारी काटा असतो. खडकांवर अनवाणी चालू नये.

६. पाणी, टोप्या व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता निघण्यापूर्वी लिहून घ्यावा.

७. गावातील एक मच्छीमार वाटाड्या म्हणून घ्यावा. त्याने ‘आज खाली नको’ म्हटल्यास कार्यक्रम बदलावा. त्या शब्दापुढे मुख्याध्यापकांचाही आग्रह चालू नये.

शाळेत परतल्यावर

सहलीची खरी परीक्षा शाळेत होते. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याचा उभा छेद फळ्यावर काढून चारही पट्ट्यांतील वनस्पती व प्राणी मुलांकडून भरून घ्यावेत. वस्तूंच्या संग्रहाऐवजी चित्रांचा संग्रह करावा. मुलांनी काढलेली चित्रे, पावलांच्या ठशांच्या आकृत्या व पक्ष्यांच्या नोंदी वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात. भरतीरेषेवर मोजलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंचा स्तंभालेख काढावा आणि त्यांपैकी कोणत्या वस्तू आपल्या गावच्या ओढ्यातूनही वाहत जातात, याचा शोध घ्यावा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ओढा शेवटी सागरास मिळतो. पूर्वेकडील पाणीही कृष्णा व गोदावरीतून सागरासच जाते. समुद्र न पाहिलेल्या गावाचाही किनाऱ्याशी संबंध आहे, हे मुलांच्या ध्यानात येईल.

ज्या शाळांना दूरची सहल परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. नदीचा काठ, तलावाची कड, पाझर तलावाचे पाणी ओसरलेली जागा येथेही पट्टे असतात, ठसे असतात, हिवाळी पाहुणे पक्षी असतात. पाहण्याची रीत तीच आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आज कोणती तिथी आहे? पाऊणपटीचा आडाखा वापरून आजच्या भरतीची व ओहोटीची अंदाजे वेळ काढा.

२. एका घरट्यात ११० अंडी होती. त्यांतून ६६ पिले निघाली. शेकडा किती पिले निघाली?

३. मर्यादवेलीस हे नाव का पडले असावे? ती उपटल्यास काय होईल?

४. शंखात राहणाऱ्या खेकड्यास आपले घर का बदलावे लागते?

५. ‘मी किनाऱ्यावर ठेवून आलेली वस्तू’ या विषयावर दहा ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी स्वतः काळजीपूर्वक वाचावीत व त्यांस गुण देऊ नयेत. सहल साधली की नाही, याची खूण त्या दहा ओळींत सापडेल.